मतपेटी आणि गुणतक्ता : राष्ट्रीय फुटबॉल लीगमधील प्रवेशाचा इतिहास

(सोनगीर येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

१. विषयाची मांडणी

कोणत्याही संस्थेच्या इतिहासात दोन प्रश्न मूलभूत असतात : तिचे सभासद कोण, आणि नव्या सभासदाला आत घेण्याचा अधिकार कोणाचा. यांपैकी दुसरा प्रश्न महाराष्ट्राच्या ग्रामीण समाजाला सहकारी संस्थांमुळे चांगला परिचित आहे. दाराची किल्ली आधीपासून आत असलेल्यांच्याच हाती राहिली, तर ते दार बंद ठेवण्याकडे त्यांचा कल होतो, हे जाणून महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ मध्ये ‘खुल्या सभासदत्वा’चे तत्त्व घालण्यात आले. पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही, असे हे कलम बजावते आणि ते नाकारले गेलेच, तर निबंधकाकडे अपील करण्याची वाटही मोकळी ठेवते. फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगांचा इतिहास हा याच प्रश्नाचा इतिहास आहे. फरक एवढाच की तेथे दीर्घकाळ निबंधक नव्हता, अपील नव्हते आणि पात्रता कशाला म्हणावे हेही आत बसलेले क्लबच ठरवीत होते.

विवेचनापूर्वी लीग या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत हरलेला संघ बाहेर पडतो आणि जिंकलेला पुढे जातो. त्यामुळे अशा स्पर्धेत कितीही संघांना उतरवता येते आणि दुबळ्या संघाला पहिल्याच फेरीत घरी पाठवता येते. लीग म्हणजे साखळी पद्धत. तीत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी, बहुधा एकदा स्वतःच्या आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, सामना खेळतो आणि हंगामाच्या अखेरीस गुणतक्त्यावरून क्रम लागतो. वर्षातील खेळण्याचे दिवस मोजकेच असल्याने साखळीतील जागाही मोजक्या राहतात, आणि जागा मोजक्या असल्या की जागा हीच मालमत्ता होते. ती भरण्याच्या तीन रीती इतिहासात दिसतात : आतल्या क्लबांनी मतदान करून नवा क्लब निवडणे, खालच्या साखळीतील विजेत्याला गुणांच्या बळावर वर आणणे, आणि पैसे भरणाऱ्या उद्योगाला जागा देणे. यांना अनुक्रमे मत, गुण आणि बोली अशी नावे देता येतील. इंग्लंडमध्ये मताकडून गुणाकडे जायला ९९ वर्षे लागली. भारतात गुणाकडून बोलीकडे आणि पुन्हा गुणाकडे असा वळणाचा प्रवास झाला, आणि त्याची सर्वांत मोठी किंमत महाराष्ट्राच्या व गोव्याच्या क्लबांनी मोजली.

२. बारा क्लबांची संस्था

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८८५ मध्ये धंदेवाईक खेळाडूंना, म्हणजे वेतन घेऊन खेळणाऱ्यांना, अधिकृत मान्यता दिली आणि त्याबरोबर क्लबांच्या हिशेबाची घडी बदलली. खेळाडूंचे पगार दर आठवड्याला द्यावे लागत, परंतु उत्पन्न मात्र बेभरवशाचे होते. मैत्रीपूर्ण सामने ऐनवेळी रद्द होत आणि चषकातून लवकर बाद झालेल्या क्लबाला पुढचे महिने रिकामे काढावे लागत. या अडचणीवर ॲस्टन व्हिला क्लबाचे पदाधिकारी विल्यम मॅकग्रेगर यांनी उपाय सुचवला. २ मार्च १८८८ रोजी त्यांनी निवडक क्लबांना पत्र लिहून, प्रमुख क्लबांनी आपापसांत ठरलेल्या तारखांना दोन्ही मैदानांवर सामने खेळण्याचा करार करावा, असे मांडले. त्याच महिन्यात लंडनमध्ये प्राथमिक बैठक झाली आणि १७ एप्रिल १८८८ रोजी मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलमध्ये फुटबॉल लीग स्थापन झाली.

संस्थापक क्लब बारा होते : ॲक्रिंग्टन, ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन वाँडरर्स, बर्नली, एव्हर्टन आणि प्रेस्टन नॉर्थ एंड हे सहा लँकेशायर परगण्यातील, ॲस्टन व्हिला, डर्बी काउंटी, नॉट्स काउंटी, स्टोक, वेस्ट ब्रॉमविच अल्बियन आणि वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स हे सहा मध्य इंग्लंडमधील. बारा हा आकडा गुणवत्तेने ठरला नव्हता. हंगामात सामन्यांसाठी २२ तारखा मोकळ्या सापडत होत्या, आणि बारा क्लबांनी परस्परांशी दोनदा खेळायचे म्हटले, तर प्रत्येकाचे सामने बरोबर २२ होतात. नॉटिंगहॅममधून नॉट्स काउंटी आत आला आणि त्याच शहरातील नॉटिंगहॅम फॉरेस्ट बाहेर राहिला. लंडनचा तर एकही क्लब त्यात नव्हता. नावाने राष्ट्रीय वाटणारी ही संस्था जन्मतः दोन शेजारी प्रदेशांतील गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या गावांनी केलेला एक व्यावसायिक करार होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिची पुढील वागणूक समजत नाही.

तरीही या संस्थेने पहिल्याच वर्षी एक दार किलकिले ठेवले. गुणतक्त्यात शेवटच्या चार क्रमांकांवर राहिलेल्या क्लबांनी हंगामाअखेर सभासदत्व सोडावे आणि बाहेरच्या इच्छुक क्लबांबरोबर पुन्हा अर्ज करावा. कोणाला घ्यायचे ते वार्षिक सभेने मतदानाने ठरवावे, असा नियम झाला. यालाच फेरनिवडणूक म्हणत. १८८९ मध्ये तळाचे चारही क्लब पुन्हा निवडून आले. १८९० मध्ये मात्र स्टोकला डावलून संडरलंडला प्रवेश देण्यात आला. मताने घडलेला हा पहिला मोठा बदल होता, आणि तो योग्यही ठरला, कारण संडरलंडने १८९२ आणि १८९३ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. मतदानाची पद्धत सर्वकाळ अन्यायीच होती असे म्हणणे म्हणूनच इतिहासाला धरून होणार नाही. जोवर खालच्या साखळीची घडी बसलेली नव्हती आणि बाहेरच्या क्लबांची ताकद मोजायचे समान माप उपलब्ध नव्हते, तोवर जाणकारांच्या मताखेरीज दुसरा मार्गही नव्हता.

३. मत कशाकडे पाहून पडत होते

१८९२ मध्ये फुटबॉल अलायन्स या प्रतिस्पर्धी साखळीतील क्लबांना सामावून घेत लीगने दुसरा विभाग सुरू केला. दोन विभागांमध्ये अदलाबदल कशी करायची, यासाठी प्रारंभी वरच्या विभागाचे तळाचे आणि खालच्या विभागाचे शिखरावरचे क्लब यांच्यात कसोटी सामने होत. १८९८ मध्ये स्टोक आणि बर्नली यांच्यातील अशा एका सामन्यात बरोबरी झाली, तर दोघांनाही वरचा विभाग मिळेल अशी स्थिती होती. दोन्ही संघांनी गोल करण्याचा खरा प्रयत्नच केला नाही आणि सामना शून्य-शून्य असा सुटला. या प्रकारानंतर कसोटी सामने बंद होऊन स्वयंचलित बढती आणि घसरण, म्हणजे गुणतक्त्याच्या क्रमानुसार आपोआप वर जाणे व खाली येणे, ही पद्धत आली. लीगच्या घराच्या आतील जिन्यावर अशा रीतीने १८९८ मध्येच गुणांचा न्याय प्रस्थापित झाला. घराच्या बाहेरच्या दारावर मात्र मतपेटी तशीच राहिली.

बाहेरच्या दारावर मत देणारा क्लब अर्जदाराच्या खेळाबरोबरच त्याच्या गावाची लोकसंख्या, मैदानाची क्षमता, रेल्वेची सोय आणि येणाऱ्या तिकीटउत्पन्नाचा अंदाज पाहत असे. १९०३ मध्ये ब्रॅडफर्ड सिटी हा क्लब एकही सामना खेळण्याआधी दुसऱ्या विभागात निवडला गेला, कारण रग्बीच्या त्या मुलखात फुटबॉलचे पाऊल रोवायची लीगची इच्छा होती. १९०५ च्या मार्चमध्ये स्थापन झालेल्या चेल्सीलाही त्याच वर्षी, एकही सामना न खेळता, प्रवेश मिळाला; त्याच्यामागे लंडनची बाजारपेठ आणि स्टॅमफर्ड ब्रिजचे प्रशस्त मैदान होते. याउलट टॉटनहॅम हॉट्सपरने १९०१ मध्ये लीगबाहेर असतानाच एफए चषक जिंकला होता, तरी त्याला लीगमध्ये यायला १९०८ साल उजाडावे लागले. विजेत्याने रांगेत थांबावे आणि न खेळलेल्याने पुढे जावे, असे घडू शकत होते.

या पद्धतीचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण १९१९ चे आहे. पहिल्या महायुद्धाने खंडित झालेली लीग पुन्हा सुरू करताना पहिल्या विभागातील जागा २० वरून २२ करण्याचे ठरले. युद्धापूर्वीच्या अखेरच्या हंगामात, म्हणजे १९१४-१५ मध्ये, चेल्सी १९ व्या आणि टॉटनहॅम २० व्या क्रमांकावर होते. वाढीव जागांपैकी एक चेल्सीला देण्यात आली. दुसरी टॉटनहॅमला मिळेल अशी सर्वसाधारण अपेक्षा असताना ती मतदानाला टाकण्यात आली आणि आर्सेनलला १८, टॉटनहॅमला ८ मते पडली. आर्सेनल तेव्हा दुसऱ्या विभागात होता आणि तेथेही पहिल्या चारांत नव्हता. बार्न्सले आणि वुल्व्हरहॅम्प्टन हे त्याच्या वरचे क्लब मागे राहिले. लीगचे अध्यक्ष जॉन मकेना यांनी आर्सेनलच्या लीगमधील दीर्घ सभासदत्वाचा दाखला दिला, आणि आर्सेनलचे अध्यक्ष सर हेन्री नॉरिस यांनी सभेपूर्वी मते कशी जुळवली, याविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले. त्या दिवसापासून आजपर्यंत आर्सेनल पहिल्या विभागातून एकदाही खाली आलेला नाही. टॉटनहॅमने पुढच्याच हंगामात दुसरा विभाग जिंकून आपली जागा गुणांवर परत मिळवली. या दोन वाक्यांत मत आणि गुण यांतील फरक पूर्णपणे सामावतो : मताने मिळालेली जागा शतकभर टिकू शकते आणि तरीही तिच्याविषयीचा प्रश्न मिटत नाही, तर गुणांनी मिळवलेल्या जागेविषयी कोणी प्रश्नच विचारत नाही.

४. काठावरची गावे

१९२० मध्ये तिसरा विभाग, १९२१ मध्ये त्याचीच उत्तरेकडील शाखा आणि १९५८ मध्ये चौथा विभाग अशी लीग विस्तारत गेली. खालच्या विभागांतील क्लबांना ‘सहयोगी सभासद’ म्हणत; ते साखळीत खेळत, परंतु वरच्या दोन विभागांतील क्लबांसारखे प्रत्येकी स्वतंत्र मत त्यांना नव्हते. फेरनिवडणुकीला उभे राहणारे क्लब तळाच्या विभागातील आणि त्यांचे भवितव्य ठरवणारे मुख्यतः शिखरावरचे, अशी ही रचना होती. मोठ्या क्लबांना बहुधा जुन्या ओळखीचा क्लब टिकावा असेच वाटे. बदल म्हणजे नवा अनोळखी सोबती, आणि एकदा तळाचा क्लब सहज बाहेर पडू लागला, तर उद्या आपलीही पाळी येईल, ही भीती खालच्यांनाही होती.

परिणामी दार जवळजवळ बंदच राहिले. चौथा विभाग सुरू झाल्यापासून १९८६ पर्यंत शंभराहून अधिक वेळा तळाच्या क्लबांनी फेरनिवडणुकीचा अर्ज केला आणि त्यांपैकी केवळ पाच वेळा बाहेरच्या क्लबाने त्यांची जागा घेतली : १९६० मध्ये गेट्सहेडऐवजी पीटरबरो युनायटेड, १९७० मध्ये ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यूऐवजी केंब्रिज युनायटेड, १९७२ मध्ये बॅरोऐवजी हेरफर्ड युनायटेड, १९७७ मध्ये वर्किंग्टनऐवजी विंबल्डन आणि १९७८ मध्ये साउथपोर्टऐवजी विगन ॲथलेटिक. हार्टलपूलने फेरनिवडणुकीसाठी एकूण १४ वेळा अर्ज केला आणि प्रत्येक वेळी त्याला जागा परत मिळाली. पीटरबरोने मिडलंड लीग सलग पाच वर्षे जिंकल्यानंतर हे दार उघडले, आणि आत येताच पहिल्याच हंगामात १३४ गोल करून त्याने चौथा विभाग जिंकला; बाहेर थांबलेल्या क्लबाची खरी ताकद किती होती, याचा याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही. हेरफर्डला जागा मिळाली ती १९७२ च्या फेब्रुवारीत त्याने एफए चषकात पहिल्या विभागातील न्यूकॅसल युनायटेडला हरवून साऱ्या देशाचे लक्ष वेधल्यानंतर. विगन आणि साउथपोर्ट यांना पहिल्या फेरीत समान मते पडली आणि दुसऱ्या फेरीत विगनची सरशी झाली.

ज्या क्लबांनी जागा गमावल्या, त्यांची गावे नकाशावर शोधली, तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. बॅरो आणि वर्किंग्टन ही इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरची, मुख्य रेल्वेमार्गापासून आडबाजूची गावे; तेथे खेळायला जाणे पाहुण्या क्लबाला खर्चाचे आणि गैरसोयीचे पडे. दोन महायुद्धांच्या दरम्यान ज्यांना मतदानाने बाहेर काढले गेले, त्यांत वेल्समधील ॲबरडेअर आणि मर्थर, ईशान्य इंग्लंडमधील डरहॅम आणि ॲशिंग्टन, लँकेशायरमधील नेल्सन असे क्लब होते, म्हणजे खाणी आणि कापड गिरण्या मंदीत सापडल्यामुळे ज्यांचे प्रेक्षक कंगाल झाले, अशी ही गावे. गिरणी थांबली की गावाचे मैदानही ओस पडते, हे खानदेशाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मत देणारा जेव्हा प्रवासखर्चाचा आणि तिकीटविक्रीचा हिशेब करतो, तेव्हा काठावरच्या गावाची बाजू सभेत मांडायला कोणी उरत नाही. गुणतक्त्याला मात्र गाव किती दूर आहे ते दिसत नाही.

१९७९ मध्ये लीगबाहेरच्या क्लबांनी अलायन्स प्रीमियर लीग ही एकत्रित साखळी उभी केली, आणि मतदानाच्या पद्धतीचा उरलासुरला आधार तेव्हाच गळून पडला, कारण बाहेरच्या क्लबांची ताकद मोजणारे समान माप आता तयार झाले होते. तिचा पहिला विजेता आल्ट्रिंगहॅम १९८० मध्ये रॉचडेलकडून एका मताने, २५ विरुद्ध २६ असा, हरला; पुढच्या वर्षीही विजेतेपद मिळवूनही त्याला प्रवेश मिळाला नाही. अखेर १९८६-८७ च्या हंगामापासून तळाचा एक क्लब आपोआप खाली आणि बाहेरचा विजेता आपोआप वर, असा नियम झाला. ९ मे १९८७ रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, संस्थापक बारांपैकी एक असलेला बर्नली लीगबाहेर पडण्याच्या टोकावर उभा होता. ओरिएंटवर २-१ असा विजय मिळवून तो वाचला आणि लिंकन सिटी खाली गेला. त्याच्या जागी स्कारबरो आला. जुन्या पद्धतीत मते लिंकनसारख्या जुन्या सभासदाच्या बाजूने पडली असती हे जवळजवळ निश्चित; नव्या पद्धतीत लिंकन खालच्या साखळीत खेळला, ती जिंकला आणि १९८८ मध्ये सन्मानाने परत आला. बॅरोही २०२० मध्ये, ४८ वर्षांनी, गुणांच्याच वाटेने परतला. मताने गेलेली जागा मागायला कोणाकडे जावे, हे त्याला १९८७ पर्यंत कळत नव्हते; गुणांची वाट उघडल्यावर तिनेच अखेर त्याला घरी आणले.

५. वसाहतीतील दार : कोलकाता आणि मुंबई

भारतात साखळीतील प्रवेशाचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला तो पैशाच्या नव्हे, तर वर्णाच्या रूपाने. कोलकात्याची लीग १८९८ मध्ये सुरू झाली, परंतु भारतीय क्लबांना तीत स्थान नव्हते. मोहन बागानने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, तरीही लीगच्या दुसऱ्या विभागात त्याला १९१४ मध्येच पाऊल टाकता आले. बाद पद्धतीच्या स्पर्धेत गोऱ्या संघाला हरवणे शक्य होते. वर्षभराच्या साखळीत त्याच्या शेजारी समान सभासद म्हणून बसणे मात्र नियमाने रोखलेले होते. पुढेही पहिल्या विभागात भारतीय क्लब दोनच असावेत असा दंडक होता, आणि १९२४ मध्ये ईस्ट बेंगॉलने दुसऱ्या विभागात बढतीला साजेशी कामगिरी केल्यावर हा दंडक त्याच्या आड आला. तो शिथिल झाल्यानंतरच १९२५ मध्ये ईस्ट बेंगॉल पहिल्या विभागात खेळला. संख्येची मर्यादा घालून गुणांना निष्प्रभ करता येते, हा धडा येथे मिळतो.

मुंबईत रोव्हर्स चषक १८९१ मध्ये आणि हारवुड लीग १९०२ मध्ये सुरू झाली. दोन्हींवर प्रारंभी लष्करी पलटणींचे वर्चस्व होते. रोव्हर्स चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ बंगलोर मुस्लिम्स हा होता आणि त्याला १९३७ साल उजाडले. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे आजही महाराष्ट्राच्या फुटबॉलचे नियमन करणारी ‘विफा’, १९११ पासूनची. मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे : या सर्व काळात भारतात राष्ट्रीय साखळी नव्हतीच. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९३७ मध्ये स्थापन झाला, संतोष चषकासाठी राज्यांचे संघ १९४१ पासून खेळू लागले. क्लबांची राष्ट्रीय लीग मात्र १९९६-९७ मध्ये आली.

६. गुणाकडून बोलीकडे

राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या आणि २००७ पासून तिची जागा घेणाऱ्या आय-लीगच्या विजेत्यांची यादी पाहिली, तर पश्चिम किनाऱ्याचे बळ स्पष्ट दिसते. १९९६-९७ ते २०१२-१३ या १७ हंगामांपैकी ९ विजेतेपदे गोव्यात गेली : धेंपो पाच वेळा, साळगावकर दोनदा आणि चर्चिल ब्रदर्स दोनदा. २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्र युनायटेडने विजेतेपद मिळवले. या काळात दुसऱ्या विभागातून वर येण्याची वाट खुली होती आणि महाराष्ट्राने तिचा उपयोगही केला. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी २००८-०९ च्या हंगामात आय-लीगमध्ये पोहोचला, आणि २००७ मध्येच जन्मलेला पुणे एफसी २००९-१० मध्ये वर येऊन पहिल्याच हंगामात तिसरा आणि २०१२-१३ मध्ये दुसरा आला.

डिसेंबर २०१० मध्ये महासंघाने आयएमजी-रिलायन्स या कंपनीशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा व्यापारी करार केला आणि त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग उभी राहिली. या लीगमधील जागा शहरनिहाय बोलीने दिल्या गेल्या. बोली म्हणजे ठराविक शुल्क भरून त्या शहराच्या संघाचा हक्क विकत घेणे. मुंबई, पुणे आणि गोवा या तिन्ही ठिकाणी नवे संघ निर्माण झाले. येथे घसरण नव्हती, म्हणजे तळाला राहिले तरी जागा सुरक्षित होती, आणि बढतीही नव्हती, म्हणजे खालून जिंकून येणाऱ्याला दार नव्हते. दूरचित्रवाणीचे उत्पन्न, भरलेली मैदाने, परदेशी प्रशिक्षक आणि युवा खेळाडूंना मिळालेले मानधन हे या पद्धतीचे लाभ खरे आहेत आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु ब्रॅडफर्ड सिटी आणि चेल्सी यांना एकही सामना न खेळता जागा देताना इंग्लंडच्या क्लबांनी जो बाजारपेठेचा हिशेब केला होता, तोच येथे साऱ्या लीगचा पाया झाला, हेही तितकेच खरे आहे.

त्याचे परिणाम पश्चिम भारतात लवकर दिसले. महिंद्र युनायटेड तर या करारापूर्वीच, २०१० मध्ये, बंद झाला होता. २०१४ मध्ये चर्चिल ब्रदर्सला परवाना निकषांवरून आय-लीगमधून वगळण्यात आले. परवाना म्हणजे क्रीडा, पायाभूत सुविधा, कर्मचारी व प्रशासन, कायदा आणि अर्थकारण या पाच बाबतींत क्लब पात्र असल्याचे प्रमाणपत्र. एका वर्षापूर्वीचा राष्ट्रीय विजेता आणि त्याच वर्षीचा फेडरेशन चषक विजेता लीगबाहेर पडला, आणि त्याच सुमारास थेट प्रवेशाने आलेला पुण्याचा भारत एफसी एकच हंगाम खेळून थांबला. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद पडला. २०१६ मध्ये, आय-लीगला दुय्यम ठरवणाऱ्या प्रस्तावित आराखड्याला विरोध म्हणून, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांनी माघार घेतली आणि धेंपोही बाहेर राहिला. २०१७ च्या घसरणीनंतर मुंबई एफसी संपला. बोलीने आलेला एफसी पुणे सिटीदेखील २०१९ मध्ये हैदराबादला गेला, कारण जे शहर करारात विकत घेता येते ते करारातच सोडूनही देता येते. मैदानावर घडलेले क्लब आणि विकत घेतलेले क्लब असे दोन्ही गमावून पुणे शहर पाच वर्षांच्या आत वरच्या दोन्ही लीगांबाहेर फेकले गेले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आशियाई महासंघाच्या पुढाकाराने ठरलेल्या आराखड्यानुसार सुपर लीगला प्रथम दर्जा मिळाला आणि २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला, परवान्याच्या अटी पूर्ण केल्यास, शुल्काशिवाय वर घेण्याचे बंधन आले. त्यानुसार २०२३ मध्ये पंजाब एफसी आणि २०२४ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग गुणांच्या वाटेने वर आले. जिना बांधायला सुरुवात झाली आहे. मात्र खाली येण्याची वाट बंद असताना वर जाण्याची वाट फार काळ खुली राहत नाही.

७. खानदेशातून दिसणारा जिना

२०२३ मध्ये आय-लीग ३ सुरू झाल्यावर भारतीय क्लब फुटबॉलची उतरंड सुपर लीग, आय-लीग, आय-लीग २ आणि आय-लीग ३ अशी चार पायऱ्यांची झाली, आणि तिच्या खाली राज्याची व जिल्ह्याची लीग येते. धुळे किंवा जळगाव जिल्ह्यातील क्लबाला जिल्हा संघटनेतून ‘विफा’पर्यंत, तेथून राज्यातील स्पर्धेत आणि मग राज्य संघटनेमार्फत आय-लीग ३ पर्यंत जायचे आहे. सोनगीरपासून मुंबईचे अंतर आग्रा रोडने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरते. बॅरो आणि वर्किंग्टन यांच्याविरुद्ध जो प्रवासखर्चाचा युक्तिवाद झाला, तोच येथे शांतपणे, ठरावाशिवाय, होऊ शकतो. स्पर्धेची ठिकाणे, सामन्यांच्या तारखा, मैदानाचे निकष आणि पात्रतेचे शुल्क ठरवतानाच दूरच्या जिल्ह्याचा निर्णय होऊन जातो आणि त्याला कोणी मतदान म्हणत नाही.

म्हणून मागणी नेमकी मांडली पाहिजे. मैदान, वैद्यकीय सोय, हिशेबतपासणी, युवा संघ यांसंबंधीच्या अटी असाव्यातच. इंग्लंडनेही त्या ठेवल्या आणि १९९४, १९९५ व १९९६ अशी तीन वर्षे किडरमिन्स्टर, मॅकल्सफील्ड व स्टीव्हनेज या विजेत्यांना मैदानाच्या कारणास्तव वर येऊ दिले नाही. परंतु अशी अट हंगाम सुरू होण्यापूर्वी जाहीर व्हावी, ती आत असलेल्यांना आणि बाहेरून येणाऱ्यांना सारखीच लागू असावी, तिच्या पूर्ततेसाठी मुदत मिळावी आणि तिच्यावरील निर्णयाविरुद्ध स्वतंत्र अपील असावे. सहकाराच्या कायद्याने १९६० मध्ये महाराष्ट्राला जे दिले, ते एवढेच होते : पात्रता आधी सांगा, पात्र माणसाला अडवू नका, आणि अडवलेच, तर त्याला दाद मागायला जागा ठेवा. फुटबॉलच्या लीगने हेच तीन नियम पायरीपायरीवर पाळावेत, यात अवास्तव असे काही नाही.

सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाणारे गाव आहे, आणि भांडे कोणत्या गावात घडले यापेक्षा ते कसे घडले याची पारख करणारा ग्राहक येथील कारागिराला परिचित आहे. क्लबांचीही पारख अशीच व्हावी. इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे : जेथे प्रवेश मतावर राहिला तेथे ओळखीचे टिकले, जेथे तो बोलीवर गेला तेथे पैसे भरू शकणारे टिकले, आणि जेथे तो गुणांवर आला तेथे स्कारबरो, लिंकन आणि बॅरो यांसारख्या गावांना आपला हक्क मिळाला किंवा परत मिळाला. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतील शाळा, तालीम मंडळे, ग्रामपंचायती आणि क्रीडा संघटना यांनी गावागावांत एक मैदान राखावे, वर्षभर चालणारी जिल्हा लीग उभी करावी, तिचा गुणतक्ता जाहीरपणे लावावा आणि त्या तक्त्यावर पहिला आलेला क्लबच राज्याकडे पाठवावा. ही पहिली पायरी बांधण्यासाठी कोणाच्याही मताची किंवा बोलीची वाट पाहावी लागत नाही.